५ एच.पी.ची मोटार, ६०० मीटर लाइन आणि ड्रिपला प्रेशर नाही : हेडचा हिशोब कसा करायचा?

बहारवाला (काटोल)

राम राम मंडळी. काटोल तालुक्यात चार एकर संत्रा आहे, ४५० झाडं, आंबिया बहार धरलेला. विहिरीवर ५ एच.पी.ची ओपनवेल सबमर्सिबल (विहिरीत पाण्याखालीच चालणारी मोटार-पंप). विहिरीपासून बगिच्यापर्यंत दोन इंची (६३ मिमी) पीव्हीसी, लांबी ६०० मीटर. विहिरीत पाणी सध्या काठापासून ४० फूट खाली आहे आणि बगिचा काठापेक्षा २० फूट उंच. प्रत्येक झाडाला ताशी ८ लिटरचे चार ड्रिपर.

त्रास असा की वरच्या अंगाच्या शेवटच्या ओळींना पाणी पुरत नाही. दुपारी पानं वळतात आणि फळगळही तिथेच जास्त आहे. दुकानदार म्हणतो साडेसातची मोटार टाका. मेकॅनिक म्हणतो इंपेलर (पंपातलं पाणी फेकणारं चाक) झिजला. दोघांच्याही बोलण्यात आकडा एकही नाही. खर्चात पडण्याआधी मला हिशोब समजून घ्यायचा आहे. कोणी सांगेल का?

वरूडचा_बागायतदार

भाऊ, साडेसातची घाई करू नका बापा. आमच्या इकडं वरूड-मोर्शीत हेच होऊन रायलं. पाणी कमी पडलं का मोटार वाढव, मोटार वाढवली का बोर खोल कर. मोटार मोठी केली अन् विहीर तेवढीच रायली, तर पाणी येईन कुठून? पयले विहिरीचा झिरपा पाहा, म्हंजे झऱ्यांतून किती पाणी भरते ते.

जलमापक (निवृत्त, पाणीपुरवठा)

वरूडकरांचा मुद्दा खरा आहे, त्याकडे येतोच. त्याआधी बहारवाला, तीन मापं घ्या. तिन्हीला दुकानातून काही आणावं लागत नाही.

एक, ड्रिप सोडवून मेन लाइनचं तोंड बगिच्यात उघडं करा आणि २०० लिटरचा ड्रम किती सेकंदांत भरतो ते मोबाइलवर मोजा. दोन, ड्रिप जोडून सगळे व्हॉल्व्ह उघडे ठेवा आणि फिल्टरच्या आधीचा व नंतरचा दाबाचा गेज वाचा. तीन, सर्वांत जवळच्या आणि सर्वांत लांबच्या झाडाच्या एका ड्रिपरखाली बाटली धरा, बरोबर सहा मिनिटं. जेवढे मिली जमतील त्यांना १० ने गुणलं की ताशी मिली मिळतात. म्हणजे ८ लिटरच्या ड्रिपरखाली सहा मिनिटांत ८०० मिली यायला हवेत.

ड्रम नसेल तर पाइप अगदी आडवा ठेवून धार पाहा. पाइप तोंडापर्यंत भरून वाहत असेल आणि धार ३० सेंमी खाली येईपर्यंत ३६ सेंमी पुढे जात असेल, तर ६३ मिमीच्या पाइपातून सेकंदाला साधारण ४ लिटर येतात. गुरुत्वाकर्षणाने ३० सेंमी पडायला पाव सेकंद लागतो, त्यावरून वेग निघतो. वेगाला पाइपाच्या आतल्या क्षेत्रफळाने गुणलं की प्रवाह.

बहारवाला (काटोल)

मोजलं, दादा. ड्रम ५० सेकंदांत भरला. गेज फिल्टरच्या आधी १.१, नंतर ०.६. जवळच्या झाडाखाली ६२० मिली, शेवटच्या ओळीत ४८० मिली.

एक गोष्ट डोक्यात बसत नाही. ५० सेकंदांत २०० लिटर म्हणजे सेकंदाला ४ लिटर, ताशी १४,४०० लिटर. ४५० झाडं गुणिले ४ ड्रिपर गुणिले ८ लिटर, हेही १४,४००च होतात. पाणी तर तंतोतंत पुरतंय. मग शेवटच्या झाडाला कमी का?

जलमापक

याच प्रश्नात सगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ड्रम भरताना पाइपाचं तोंड उघडं होतं, म्हणजे तिथे दाब शून्य होता. पंपाची सगळी ताकद पाणी तिथवर पोचवण्यातच संपत होती. ड्रिपरला मात्र तेच ४ लिटर दाबासकट हवेत. "किती पाणी" हा अर्धा प्रश्न झाला. "किती पाणी, किती हेडला" हा पूर्ण प्रश्न.

हेड म्हणजे पाण्याच्या स्तंभाची उंची. १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ तळाशी १ किलो प्रति चौरस सेंमी दाब देतो. स्तंभ बोटाएवढ्या नळीतला असो की तलावाएवढा रुंद, उंची तीच असेल तर दाब तोच. म्हणून गेजवरच्या १.१ ला मी ११ मीटर असंच वाचतो. चढ, घर्षण आणि दाब तिन्ही मीटरमध्ये आणले की बेरीज-वजाबाकी पाचवीच्या मुलालाही जमते.

आता तुमचा हिशोब. विहिरीतून ४० फूट वर म्हणजे १२ मीटर, पुढे बगिच्याचा चढ २० फूट म्हणजे ६ मीटर. चढ झाला १८ मीटर. हा भाग मोटार बदलून, पाइप बदलून, कशानेही कमी होत नाही.

मग पाइपातलं घर्षण. ६३ मिमीच्या पाइपाचा आतला व्यास ५९ मिमीच्या आसपास असतो. त्यातून सेकंदाला ४ लिटर नेताना दर १०० मीटरला सुमारे ४ मीटर हेड जातं. ६०० मीटरला २४ मीटर! प्रत्यक्ष चढापेक्षा जास्त. विहिरीतला उभा पाइप, बेंड आणि एनआरव्हीचे (पाणी मागे येऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हचे) २ मीटर धरा. १८ + २४ + २ = ४४ मीटर. तुमचा पंप सेकंदाला ४ लिटर ४४ मीटरवर चढवतोय, हे ड्रमने सिद्ध केलं.

ड्रिपला लागतं काय? ड्रिपरपाशी १ किलो म्हणजे १० मीटर, फिल्टर आणि सबमेनचे (ओळींना पाणी वाटणाऱ्या पाइपाचे) ५ मीटर. आणखी १५ मीटर. एकूण ५९ मीटर हवेत आणि पंप ४ लिटरला देतो ४४. मग पंप आपोआप कमी पाणी देऊ लागतो. प्रवाह घटला की घर्षण घटतं, पंपाचं हेड थोडं वाढतं, आणि दोघांचं जिथे जुळतं तिथे गाडी थांबते. ड्रिपरमधलं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. ०.६ किलोला ८ लिटरचा ड्रिपर सव्वासहा लिटर देणार, म्हणजे सहा मिनिटांत ६२० मिली. तुमच्या बाटलीत तेवढेच आलेत.

दुसरी गोष्ट गेजमध्ये दिसते. फिल्टरच्या आधी १.१ आणि नंतर ०.६, म्हणजे फिल्टरच ५ मीटर खातोय. स्वच्छ फिल्टरने २-३ मीटरच्या वर खाऊ नये. आधी तो धुवा.

डिप्लोमा_यवतमाळ

सर, दर १०० मीटरला ४ मीटर हे कशावरून काढलं? आम्हाला घर्षणासाठी डार्सी-वाइसबाखचं सूत्र शिकवलं, पण त्यातला घर्षणांक काढताना गोंधळ होतो.

जलमापक

हेझन-विल्यम्सचं सूत्र. साध्या पाण्याला आणि आपल्या नेहमीच्या पाइपांना ते पुरतं:

घर्षण हेड = १०.६७ × लांबी × प्रवाहाचा १.८५२ वा घात ÷ (सी चा १.८५२ वा घात × व्यासाचा ४.८७ वा घात)

लांबी आणि व्यास मीटरमध्ये, प्रवाह सेकंदाला घनमीटरमध्ये (४ लिटर म्हणजे ०.००४). सी हा पाइपाच्या गुळगुळीतपणाचा आकडा. पीव्हीसीला मी १४० धरतो. जुन्या गंजलेल्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपाला १०० किंवा त्याहून कमी, आणि १०० धरला तरी घर्षण १.८७ पट होतं. डार्सी-वाइसबाख जास्त मूलभूत आहे, तेलालाही चालतं आणि पाण्यालाही, ते सोडू नका. शेतात उभं राहून मोबाइलवर करायचं असेल तर हेझन-विल्यम्स.

या सूत्रातले दोन घात मात्र नीट पाहा. प्रवाह दुप्पट केला की घर्षण ३.६ पट. आणि व्यासाचा घात जवळपास पाच! पाइप जरासा मोठा केला तरी घर्षण कोसळतं. तेच ४ लिटर, तेच ६०० मीटर:

६३ मिमी (दोन इंची) : २४ मीटर
७५ मिमी (अडीच इंची) : साडेदहा मीटर
९० मिमी (तीन इंची) : ४ मीटर

म्हणून पाइपात बचत करून मोटारीत पैसा घालणं मला पटत नाही. पाइप एकदाच घ्यायचा असतो. घर्षणात जाणारी वीज मात्र पाइप जमिनीत आहे तोवर दररोज जाते.

वायंडिंगवाला (आर्वी)

इंपेलरवर मी बोलतो, माझं कामच ते आहे.

पाण्याला मिळालेली ताकद वॅटमध्ये काढायची तर ९.८१ × लिटर प्रति सेकंद × हेड मीटर. यांचं ९.८१ × ४ × ४४ = १,७२७ वॅट. ५ एच.पी. म्हणजे ३,७३० वॅट. भागाकार ४६ टक्के. आपल्याकडच्या शेतीपंपाचा इंपेलर खरंच खाल्ला गेला असता तर हा आकडा बराच खाली दिसला असता. उघडून पाहायची गरज मला तरी वाटत नाही.

मात्र ही मापं घेताना व्होल्टेज किती होतं तेही लिहून ठेवत जा. व्होल्टेज पडलं की मोटारीचा जोर वर्गाच्या प्रमाणात पडतो. ४१५ च्या ठिकाणी ३३० मिळाले तर जोर ६३ टक्क्यांवर येतो. मोटार वेग सोडते, अँपिअर वाढवते, वायंडिंग तापते. माझ्याकडे जळून येणाऱ्या मोटारी पाहा, एका फेजवर चाललेल्या आणि कमी व्होल्टेजवर ओढलेल्या मोटारींचा ढीग असतो. साडेसातची टाकली की त्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ओझं आणखी वाढणार, शेजाऱ्यांचंही व्होल्टेज उतरणार.

वरूडचा_बागायतदार

आता विहिरीचा हिशोब मी देतो. आपल्या भागातल्या विहिरी मोठ्या, यांची २० फुटी धरू. २० फूट म्हणजे ६ मीटर व्यास, क्षेत्रफळ २८ चौरस मीटर. एक फूट पाणी उतरलं का साडेआठ हजार लिटर गेले. ताशी १४,४०० लिटर ओढले तर झिरपा धरल्याबिगर तासाले पावणेदोन फूट पातळी उतरते. मोटार बंद करून तासाभरात पातळी किती इंच चढते ते काठीनं मोजा. ६ इंच चढली तर झिरपा तासाले सव्वाचार हजार लिटर. चैत्रात मोजा, पावसाळ्यातला आकडा उपयोगाचा नाही.

पातळी उतरली का तुमचं हेडबी वाढते, हे ध्यानात ठेवा. सकाळी ४० फूट असलेलं पाणी दुपारी ५० फुटांवर गेलं तर ३ मीटर हेड तिथंच गेलं.

जलमापक

वरूडकर, उत्तम. ही शेवटची ओळ बहुतेकजण विसरतात.

बहारवाला, आता उपाय. नवा पंप नको, आणि या हंगामात नवा पाइपही नको. बगिचा दोन भागांत करा, २२५-२२५ झाडं, सबमेनवर दोन व्हॉल्व्ह. एका वेळी एकच भाग चालवा. लागतील सेकंदाला २ लिटर. प्रवाह निम्मा झाला की त्याच दोन इंची पाइपातलं घर्षण २४ वरून पावणेसात मीटरवर येतं. १८ + ७ + १ + १५ = ४१ मीटर. तुमचा पंप ४ लिटरलाच ४४ मीटर देतो, २ लिटरला त्याहून बराच जास्त देईल.

उलट दाब जास्त होईल, म्हणून फिल्टरच्या आधी बायपास काढून जादा पाणी परत सोडा आणि गेज दीड किलोवर लावा. दाब मोकाट सोडला तर लॅटरलचे (झाडांच्या ओळीतल्या ड्रिप नळ्यांचे) जोड निसटतात.

भाग बदलताना आधी दुसरा व्हॉल्व्ह उघडा, मग पहिला सावकाश बंद करा. ६०० मीटर लाइनीत दीड टनाच्या वर पाणी धावत असतं. ते एकदम अडवलं तर दाबाची लाट मागे येते आणि सोल्युशनचे जोड फुटतात.

बहारवाला (काटोल)

फिल्टरची जाळी काढली तर आतून शेवाळाचा हिरवा थर, नखानं खरवडावा लागला. ॲसिडचं पाणी न घालता नुसता ब्रशने धुतला. दोन्ही गेजमधला फरक ०.२ वर आला. व्हॉल्व्ह बसवले, बायपास अर्धा उघडा ठेवून आधीचा गेज १.५ ला लावला. शेवटच्या ओळीत सहा मिनिटांत ७६० मिली, जवळच्या झाडाखाली ८००. आता प्रत्येक भागाला पूर्वीएवढेच तास द्यायचे म्हणजे मोटार दुप्पट वेळ चालेल. आठ तास लाइट राहते तेवढ्यात बसतंय. पुढच्या वर्षी तीन इंची टाकायचा विचार पक्का.

जलमापक

तीन इंचीच टाका. अडीच इंचीने ४ लिटरला एकूण साडेपंचेचाळीस मीटर लागतात, म्हणजे काठावर. एखादं साल पाणी खाली गेलं की पुन्हा तेच. तीन इंचीने ३९ मीटर. मग सगळी ४५० झाडं एकदम चालतील, बायपास बंद राहील आणि मोटारीचे तास निम्मे होतील.

नाल्याकाठचा (वर्धा)

माझा प्रश्न थोडा वेगळा. नाल्याच्या डोहावर डिझेल इंजिनचा पंप आहे. काठ उंच, पाणी २८ फूट खाली. सक्शन पाइपाच्या तळाला नवा फुटव्हॉल्व्ह टाकला, पॅकिंग बदललं, तरी पाणी धरत नाही. पावसाळ्यात मात्र मस्त चालतो.

वायंडिंगवाला (आर्वी)

फुटव्हॉल्व्ह निर्दोष आहे, खोली जास्त आहे. पंप पाणी ओढत नाही. तो आत हवा विरळ करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला तो दाब १०.३ मीटर पाण्याएवढा, आपल्याकडे १० च्या आसपास. त्यातून सक्शन पाइपाचं घर्षण, फुटव्हॉल्व्हचा अडथळा आणि पंपाची स्वतःची गरज वजा करा. हाती ६ ते ७ मीटर राहतात, म्हणजे २०-२२ फूट. उन्हाळ्यात पाणी तापलं की वाफेमुळे आणखी थोडं कमी. तुमचे २८ फूट म्हणजे साडेआठ मीटर. इंजिन कितीही एच.पी.चं लावा, ही मर्यादा हलत नाही.

काठ खोदून आठ-दहा फूट खाली ओटा करा आणि पंप तिथे बसवा. पूर यायच्या आत वर घ्यावा लागेल. सक्शनचा पाइप डिलिव्हरीपेक्षा एक साइज मोठा ठेवा आणि त्याला पंपाकडे सतत चढ द्या. मधे उंचवटा राहिला तर तिथे हवा साठते.

सोलरवाला (दारव्हा)

मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून घेतोय. अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात एच.पी. असं जमिनीवर ठरतं. माझे चार एकर, म्हणजे ५ एच.पी. ड्रिप चालेल का?

जलमापक

एच.पी. जमिनीवर ठरते, हेड तुमच्या विहिरीवर ठरतं. त्याच ५ एच.पी.त कमी हेडला जास्त पाणी देणारा पंपही असतो आणि जास्त हेडला कमी पाणी देणारा पण. पाहणीला माणूस येईल तेव्हा उन्हाळ्यातली पातळी सांगा, आजची नको.

सोलरला एक गोष्ट वेगळी. ऊन कमी झालं की पंपाचा वेग उतरतो. वेगाच्या प्रमाणात पाणी कमी होतं, पण हेड वर्गाच्या प्रमाणात पडतं. भर उन्हात व्हॉल्व्ह बंद असताना ६२ मीटर दाखवणारा पंप ८० टक्के वेगाला ४० मीटरच दाखवेल. बहारवाल्यांसारखा १८ मीटर चढ आणि ड्रिपचे १५ वजा केले तर घर्षणाला जेमतेम ७ मीटर उरतात. म्हणून ड्रिप सकाळी दहा ते दुपारी तीनच्या मधे, छोट्या छोट्या भागांत चालवा. सकाळ-संध्याकाळचं पाणी टाक्यात किंवा शेततळ्यात साठवा, तिथे दाब लागत नाही.

पाणीसमिती_ताई (तिवसा)

जलमापक काका, आमच्या गावाचं पाहाल का? उंच टाकी आहे, १२ मीटरची. शाळेमागच्या वस्तीत नळाला करंगळीएवढी धार येते. ग्रामसभेत मागणी आली की टाकी मोठी बांधा. काही घरांनी नळाला टुल्लू (छोटी मोटार) लावलेत, त्यावरून रोज भांडण.

जलमापक

ताई, टाकी रुंद केल्याने दाब वाढत नाही, साठा वाढतो. दाब उंचीवर. १२ मीटरला सर्वांत जास्त १.२ किलो. एकमजली घराला नळापाशी, सगळं गाव पाणी भरत असताना, ७ मीटर राहिले पाहिजेत असा नियोजनाचा निकष आहे. म्हणजे वाटेत खर्चायला तुमच्याकडे फक्त ५ मीटर आहेत. टुल्लू नवं पाणी आणत नाही, शेजारच्या नळाचं ओढतो, आणि लाइनीत उणा दाब झाला तर गळतीच्या भोकातून गटाराचं पाणी आत येतं. ते आधी बंद व्हायलाच हवेत.

साधा दाब गेज नळाला बसेल असा घ्या. एकदा सगळे नळ बंद असताना आणि एकदा ऐन पाणी सुटलेलं असताना, टाकीपासून वस्तीपर्यंत चार-पाच ठिकाणी वाचा. टुल्लू त्या वेळी बंद ठेवायला सांगा.

पाणीसमिती_ताई (तिवसा)

बचत गटाच्या बायकांना घेऊन वाचलं, काका. नळ बंद असताना सगळीकडे १.१ ते १.२. पाणी सुटल्यावर चौकात १.०, मंदिरापाशी ०.९, शाळेच्या फाटकापाशी ०.२, वस्तीत ०.१. मंदिर ते शाळा अंतर २०० मीटरही नाही, जमीन सपाट.

जलमापक

मग जागा सापडली. टाकीपासून मंदिरापर्यंत ३ मीटर जातात, शाळेपासून वस्तीपर्यंत एक. आणि मधल्या दोनशे मीटरच्या तुकड्यात ७. नळ बंद असताना पूर्ण दाब येतो म्हणजे लाइन तुटलेली नाही, बहुधा अडलेली आहे. त्या तुकड्यात तीन शक्यता: स्लुइस व्हॉल्व्ह (लाइन बंद-चालू करणारा) अर्धा बंद राहिला, मधेच बारीक व्यासाचा पाइप जोडला गेला, किंवा गळती, जरी तिची शक्यता कमी. गळती असेल तर रात्री नळ बंद असताना टाकीची पातळी उतरेल, ती आज रात्रीच पाहून घ्या. पातळी टिकली तर उद्या ऑपरेटरला घेऊन मंदिराजवळची व्हॉल्व्ह चेंबर उघडा आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून परत उघडताना आटे मोजा. जवळ त्याच मापाचा दुसरा व्हॉल्व्ह असेल त्याचेही मोजा. आटे सारखे भरले तर शाळेच्या फाटकापाशी खड्डा घेऊन पाइपाचा बाहेरचा घेर सुतळीने मोजा, ३.१४ ने भागा आणि तो व्यास इथे टाका. पुढचं त्यावरून सांगतो.